ज्ञानकोश आणि ग्रंथालयीन संशोधन

ज्ञानकोश हा संदर्भग्रंथाचा एक प्रमुख प्रकार होय. सर्व ज्ञानशाखांतील किंवा एखाद्या विशिष्ट शाखेतील माहिती त्यात संक्षेपाने व काही निश्चित क्रमाने ग्रथित केलेली असते. इतर ग्रंथांप्रमाणे तो आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्यासाठी नसून हवी ती नोंद काढून पाहण्यासाठी असतो. त्यामुळेच ग्रंथालये त्याला संदर्भविभागात ठेवतात व सामान्यतः घरी नेऊ देत नाहीत. ड्यूई दशांश वर्गीकरणात सामान्य ज्ञानकोशांना ०३० हा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे.

नव्या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ ज्ञानकोशापासून करावा, असा सल्ला ग्रंथपाल व शिक्षक नेहमीच देतात आणि तो योग्य आहे. तेथेच थांबू नये, हा त्या सल्ल्याचा उत्तरार्ध मात्र पुष्कळदा विसरला जातो. ज्ञानकोशातील विधान हा मूळ पुरावा नव्हे. ते कोणीतरी, केव्हातरी, कोणत्यातरी साधनांवरून केलेले संकलन असते. ते कोणी केले, केव्हा केले आणि कशावरून केले, हे कळल्याखेरीज त्याचे मोल ठरविता येत नाही. ज्ञानकोशांच्या इतिहासाकडे ह्या दृष्टीने पाहिले, तर आधारग्रंथांची यादी, परस्परसंदर्भ, सूची, नोंदलेखकाचे नाव ही वरवर गौण वाटणारी उपांगे माहितीच्या साठ्याइतकीच महत्त्वाची असल्याचे दिसून येते. वाचकाला नोंदीतून बाहेर काढून मूळ साधनांकडे नेण्याचे काम तीच करतात.

ह्या उपांगांचा आरंभ बराच जुना आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) ह्याने आपल्या नॅचरल हिस्टरी ह्या ३७ भागांच्या ग्रंथाचा पहिला भाग केवळ अनुक्रम व आधार ह्यांसाठी राखून ठेवला. पुढील प्रत्येक भागात कोणकोणते विषय आले आहेत आणि ते कोणत्या लेखकांवरून घेतले आहेत, हे त्यात सांगितले असून रोमन व परकीय लेखकांच्या नावांच्या याद्या वेगळ्या दिल्या आहेत. त्याच्या प्रस्तावनेतील एक तक्रार आजही ओळखीची वाटते. पूर्वसूरींचे ग्रंथ ताडून पाहताना त्याला असे आढळले, की अगदी विश्वसनीय मानल्या गेलेल्या अलीकडच्या लेखकांनीही प्राचीनांचा मजकूर नामनिर्देश न करता शब्दशः उतरवून घेतला होता. एकाचे विधान दहांनी उतरविले, तरी त्यामुळे पुरावे दहा होत नाहीत. संदर्भसंशोधनातील बहुतेक चुकांचे मूळ ही साधी गोष्ट ध्यानात न ठेवण्यात आहे.

प्राचीन व मध्ययुगीन कोशसदृश ग्रंथांची रचना प्रायः विषयवार असे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नावावर असलेला मानसोल्लास किंवा अभिलषितार्थचिंतामणि हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथ ह्याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या पाच विंशती असून प्रत्येकीत वीस, असे एकूण शंभर अध्याय आहेत. राज्यप्राप्ती, राज्याचे स्थैर्य, राजाचे उपभोग, विनोद व क्रीडा असा त्यांचा क्रम आहे. पाकक्रियेची माहिती हवी असल्यास ती उपभोगांच्या विंशतीतील अन्नभोगात आहे, हे वाचकाला आधीच ठाऊक असावे लागते. म्हणजेच ग्रंथाची वाट माहीत असणाऱ्यालाच तो वापरता येतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो मुद्रित झाल्यावर इतिहासकार त्याच्याकडे निराळ्या हेतूने वळले. त्यातील गीतविनोदाच्या भागात आलेले मराठी पद्य मराठी भाषेच्या आरंभकाळाचा पुरावा म्हणून अभ्यासले जाते. ज्या ग्रंथाने आपल्या काळातील ज्ञानाचा सारांश दिला, तोच कालांतराने मूळ साधन झाला.

चीनमधील युंग-लो महाकोशाच्या बाबतीत हे अधिकच ठळकपणे घडले. मिंग सम्राटाच्या आज्ञेने तयार झालेला हा कोश १४०८ मध्ये पूर्ण झाला. त्याचे ११,०९५ हस्तलिखित खंड होते. संपादकांनी जुन्या ग्रंथांतील उतारे, कित्येकदा संपूर्ण ग्रंथच, जसेच्या तसे त्यात उतरवून घेतले होते. पुढे त्यांपैकी पुष्कळ मूळ ग्रंथ नष्ट झाले आणि अठराव्या शतकातील विद्वानांनी ह्या कोशातून शेकडो लुप्त ग्रंथ पुन्हा सिद्ध केले. आज खुद्द कोशाचेही चारशेच्या आसपासच खंड उरले आहेत. संक्षेप हा ज्ञानकोशाचा गुण मानला जातो. पण येथे संक्षेप न करणाऱ्या कोशानेच वाङ्मय वाचविले.

यूरोपात अठराव्या शतकात वर्णक्रमानुसारी रचना रूढ झाली. तिच्यामुळे ग्रंथाची अंतर्रचना ठाऊक नसलेल्या वाचकालाही नोंद सापडू लागली. परंतु परस्परांशी निगडित विषय निरनिराळ्या अक्षरांखाली विखुरले गेले. ही उणीव भरून काढण्यासाठी ईफ्रेम चेंबर्स ह्याने आपल्या सायक्लोपीडियात (१७२८) परस्परसंदर्भांची योजना केली. दनी दीद्रो व झां ल राँ दालांबेर ह्यांनी संपादिलेल्या फ्रेंच आंसीक्लोपेदीत (१७५१–७२, मजकुराचे १७ व चित्रपटांचे ११ खंड) ह्या योजनेला वेगळीच धार आली. परस्परसंदर्भ हे केवळ सोयीसाठी नसून रूढ मतांना गुपचूप धक्का देण्याचेही साधन आहे, असे दीद्रोने त्याच कोशातील ‘आंसीक्लोपेदी’ ह्या आपल्या लेखात उघडपणे सांगितले आहे. नरभक्षकांवरील नोंदीच्या अखेरीस ख्रिस्ती प्रसादविधीवरील नोंद पाहण्याची सूचना आहे. धर्मपीठाच्या रोषास पात्र ठरेल असे एकही वाक्य न लिहिता संपादकांनी तेथे आपले म्हणणे मांडले आहे. ‘पहा’ ह्या शब्दामागेही संपादकाचे मत असू शकते, हे ह्यावरून ध्यानात येते.

एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची पहिली आवृत्ती एडिंबरो येथे १७६८ ते १७७१ ह्या काळात भागशः प्रसिद्ध होऊन तीन खंडांत बांधली गेली. इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या दोन अक्षरांनीच पहिला खंड व्यापला, तर उरलेल्या चोवीस अक्षरांना मिळून दोन खंड पुरले. आरंभीच्या नोंदी ऐसपैस आणि पुढच्या आटोपशीर, हा दोष पुढील काळातील पुष्कळ कोशांत आढळतो. एखाद्या विषयावरील नोंद लहान आहे म्हणून तो विषयच गौण, असे अनुमान त्यामुळे काढता येत नाही. ती नोंद लिहिली जाईपर्यंत संपादकांचा कागद, पैसा किंवा धीर संपत आला असण्याचा संभव असतो. ह्याच कोशाची अकरावी आवृत्ती (१९१०–११) २९ खंडांची असून तिचा अखेरचा खंड सबंध सूचीचा आहे. सूचीचे मोल किती, हे १९७४ च्या पंधराव्या आवृत्तीने वेगळ्या रीतीने दाखवून दिले. लहान नोंदींचा विभाग, दीर्घ लेखांचा विभाग आणि ज्ञानाचा आराखडा देणारा एक खंड अशी तिची त्रिविध मांडणी होती. लहान नोंदीच सूचीचे काम करतील, ह्या भरवशावर स्वतंत्र सूची दिली नव्हती. वाचकांची व ग्रंथपालांची गैरसोय झाल्याने १९८५ मध्ये दोन खंडांची सूची जोडावी लागली.

मराठीतील ज्ञानकोश : मराठीत कोशरचनेचा आधुनिक काळ शब्दकोशांपासून सुरू झाला. ज्ञानकोशाच्या दिशेने पडलेले महत्त्वाचे पाऊल म्हणजे रघुनाथ भास्कर गोडबोले ह्यांचे भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश (१८७६) व भारतवर्षीय अर्वाचीन कोश (१८८१) हे ग्रंथ. व्यक्ती व स्थळे ह्यांची माहिती वर्णानुक्रमाने देण्याची पद्धत मराठी वाचकांना त्यांतून परिचित झाली.

सर्वविषयसंग्राहक अशा पहिल्या मोठ्या मराठी कोशाचे श्रेय श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) ह्यांच्याकडे जाते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून पीएच्.डी. मिळविलेले केतकर १९१२ मध्ये भारतात परतले. १९१६ च्या सुमारास त्यांनी नागपूर येथे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या स्वरूपात ज्ञानकोश मंडळाची उभारणी केली. पुढे कामाचे ठाणे पुण्यास आले. सरकारी अनुदान नाही, विद्यापीठाचा पाठिंबा नाही, अशा स्थितीत भाग व वर्गण्या ह्यांच्या बळावर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग १९२० च्या दशकात प्रसिद्ध झाले. परभाषेतील कोशाचे भाषांतर करून वाचकांच्या हाती देणे त्यांना सहज शक्य होते. तसे त्यांनी केले नाही.

केतकरांच्या कोशाची रचना संशोधकाने आधी नीट समजून घेतली पाहिजे. नाहीतर त्यात वारंवार वाट चुकते. पहिले पाच विभाग प्रस्तावनाखंडाचे असून ते वर्णक्रमाने नाहीत. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास असे त्यांचे विषय आहेत. सहाव्यापासून एकविसाव्या विभागापर्यंत शरीरखंड, म्हणजे अक्षरवार नोंदी आहेत. बाविसावा विभाग सूचीचा व तेविसावा हिंदुस्थानविषयीचा. एखाद्या वैदिक देवतेची माहिती शोधणारा वाचक शरीरखंडातील नोंद पाहून समाधान मानील, तर वेदविद्या विभागातील विस्तृत विवेचनाला तो मुकेल. ह्या कोशाचा वापर सूचीविभागापासून सुरू करणे केव्हाही हितावह असते. प्रस्तावनाखंडांवर आणखी एका दृष्टीने लक्ष ठेवावे लागते : तेथे केतकर हे संकलक कमी आणि समाजशास्त्रज्ञ अधिक आहेत. त्यांची मते स्वतंत्र, कधी चमत्कारिकही, पण अभ्यासनीय आहेत. मात्र ती मते म्हणूनच उद्धृत केली पाहिजेत.

केतकरांच्या हाताखाली तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे ह्यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश (७ विभाग, १९३२–३८) सिद्ध केला. सहा भागांचा सुलभ विश्वकोश (१९४९–५१) हाही त्यांच्याच परंपरेतील. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव ह्यांनी प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) व अर्वाचीन (१९४६) असे तीन चरित्रकोश एकहाती म्हणावे अशा श्रमाने रचले. मूळचे गोव्यातील महादेवशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड १९६२ ते १९७९ ह्या काळात निघाले. व्रते, क्षेत्रे, जातिजमाती, लोकाचार ह्यांबाबत सामान्य ज्ञानकोशात जे मिळत नाही, ते पुष्कळदा तेथे मिळते. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले. प्रथम परिभाषासंग्रह (१९७३) व नंतर पहिला खंड (१९७६) प्रसिद्ध झाला. १९८० मध्ये त्यासाठी स्वतंत्र विश्वकोश निर्मिती मंडळ स्थापन झाले आणि विसावा खंड २०१५ मध्ये बाहेर पडला.

नोंद शोधणे : मराठी कोशांत नोंद शोधताना काही अडचणी हमखास येतात. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही अक्षरे शालेय वर्णमालेत अखेरीस म्हटली जातात. पण ती जोडाक्षरे असल्याने अनेक कोशांत ‘क’ व ‘ज’ ह्यांच्या पोटात असतात. अनुस्वारयुक्त अक्षराचे स्थानही सर्वत्र सारखे नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड ‘अंक’ ह्या नोंदीने सुरू होतो, हे लक्षात ठेवले म्हणजे तेथील क्रमाची कल्पना येते. अर्वाचीन व्यक्ती आडनावाखाली, तर संत व राजे नावाखाली पाहावे लागतात. विज्ञानविषयांत परिभाषेची भिंत आडवी येते. जुन्या ग्रंथांत ‘प्राणवायु’ म्हणून येणारा विषय नंतरच्या कोशात ‘ऑक्सिजन’ ह्या शीर्षकाखाली असतो. परिभाषासंग्रह आधी प्रसिद्ध करण्यामागे संपादकांची सोय होती, तशी ती वाचकांचीही झाली. नोंद सापडली नाही म्हणजे विषय कोशात नाही, असे समजू नये. तो दुसऱ्या मोठ्या नोंदीत सामावलेला असण्याचा संभव अधिक.

एक उदाहरण : ज्ञानकोशापासून मूळ साधनांपर्यंतचा प्रवास कसा करावा लागतो, हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या प्रश्नावरून उत्तम रीतीने समजते. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीत महाराजांचा जन्म १६२७ च्या मे महिन्यात झाल्याचे म्हटले आहे. त्या काळातील इतर अनेक संदर्भग्रंथांत व पाठ्यपुस्तकांतही १६२७ हेच वर्ष आढळते. एवढे ग्रंथ एकमुखाने सांगत असता शंका कशाला घ्यावी, असे कोणासही वाटेल. परंतु प्रत्येकाचा आधार शोधत मागे गेले, की त्यांपैकी बहुतेक वाटा जेम्स ग्रँट डफ ह्याच्या मराठ्यांच्या इतिहासापाशी (१८२६) येऊन मिळतात. ग्रँट डफने ज्या साधनांवर भिस्त ठेवली, त्यांत घटनांनंतर पुष्कळ काळाने लिहिलेल्या बखरी होत्या आणि शके १५४९ चा वैशाख हा जन्मकाळ बखरींतूनच आलेला आहे. अनेक ग्रंथांची साक्ष प्रत्यक्षात एकाच परंपरेची साक्ष ठरते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रकाशात आणली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील ह्या टिपणात जन्मतिथी शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेची दिली आहे. एकच नवे साधन असल्याने ते खोडून काढण्याचा प्रयत्न झाला. पुढे कवींद्र परमानंदाचे शिवभारत हे महाराजांच्या हयातीत रचलेले संस्कृत काव्य तंजावर येथील हस्तलिखितावरून सदाशिव महादेव दिवेकर ह्यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातही शके १५५१ मधील हीच तिथी मिळाली. जोधपूर येथील जन्मपत्रिकांच्या संग्रहात सापडलेली कुंडलीही ह्याच तिथीस अनुकूल ठरली. ही साधने एकमेकांवरून उतरविलेली नाहीत. मराठी शकावली, संस्कृत काव्य व राजस्थानातील पत्रिका ह्यांचे स्थान, भाषा व प्रयोजन वेगवेगळे असल्याने त्यांच्या एकवाक्यतेला वजन येते. ह्यानंतर १६३० हे वर्ष बहुतेक इतिहासकारांनी स्वीकारले आणि राज्य शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानली. हा वाद केवळ उत्सवाच्या दिवसाचा नव्हता. १६२७ धरले, तर पहिल्या हालचालींच्या वेळचे महाराजांचे वय जवळजवळ तीन वर्षांनी वाढते आणि त्यांच्या कर्तृत्वात शहाजीराजे, जिजाबाई व दादाजी कोंडदेव ह्यांचा वाटा किती, ह्या प्रश्नाचे उत्तरही त्याप्रमाणे बदलू लागते.

ह्याच उदाहरणात आणखी एक धोका दडलेला आहे. शकाच्या अंकात ७८ मिळविले, की इसवी सन येतो, असा ढोबळ नियम काही कोशांच्या परिशिष्टांत असतो. शके १५४९ च्या वैशाखास तो लावल्यास १६२७ हे बरोबर वर्ष मिळते. शके १५५१ च्या फाल्गुनास तोच लावला, तर १६२९ येईल आणि ते चूक ठरेल. कारण फाल्गुन हा शकवर्षाचा अखेरचा महिना असून तेव्हा इसवी सन बदललेला असतो व ७९ मिळवावे लागतात. शिवाय येणारी तारीख त्या वेळी इंग्रजांत प्रचलित असलेल्या जूलियन पंचांगाची, की आजच्या ग्रेगरियन पंचांगाची, हे पाहावे लागते. १९ फेब्रुवारी ही जूलियन तारीख आहे. परिशिष्टातील कोष्टक बरोबर असते. चूक होते ती ते कोष्टक यंत्रवत वापरल्याने.

कोशाचे वय : जॉन मार्शल ह्यांनी सिंधू खोऱ्यातील प्राचीन संस्कृतीचा शोध २० सप्टेंबर १९२४ रोजी इलस्ट्रेटेड लंडन न्यूज ह्या साप्ताहिकातून जगाला कळविला. हडप्पा येथे दयाराम सहानी ह्यांचे उत्खनन १९२१ मध्ये सुरू झाले होते. मोहें-जो-दडोचे महत्त्व राखालदास बॅनर्जी ह्यांनी १९२२ च्या सुमारास ओळखले होते. ब्रिटानिकाच्या अकराव्या आवृत्तीत ह्या संस्कृतीचा मागमूसही नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचे प्रारंभीचे विभागही ह्या घोषणेपूर्वीच तयार झालेले होते. त्यामुळे भारताच्या वेदपूर्व काळाचे तेथील चित्र मुख्यतः वाङ्मयीन पुराव्यांवर उभे आहे. हा संपादकांचा दोष नव्हे. मात्र ह्या विभागांतील विधाने आजच्या लेखनात वर्षाचा उल्लेख न करता उद्धृत केली, तर तो उद्धृत करणाऱ्याचा दोष ठरेल. उलटपक्षी १९२४ पूर्वीचे सुशिक्षित मराठी जग आपल्या प्राचीन काळाविषयी काय मानत होते, हे ज्याला शोधायचे आहे, त्याला ह्यापेक्षा चांगले साधन क्वचितच मिळेल.

स्थळविषयक नोंदींत हे वय लवकर दिसून येते. १९२० च्या दशकातील कोशात सावंतवाडी हे संस्थान असते. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतरच्या ग्रंथांत ते रत्नागिरी जिल्ह्यातील गाव होते आणि १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झाले तेव्हा २६ जिल्हे होते. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ते ३६ झाले. अनेक वर्षे चाललेल्या कोशात ही अडचण एकाच संचातही उद्भवते. मराठी विश्वकोशाच्या पहिल्या व विसाव्या खंडांत जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे. शेजारी शेजारी ठेवलेले, एकसारख्या बांधणीचे खंड पाहून ही गोष्ट विसरणे फार सोपे असते. प्लूटोचा शोध लागल्यानंतर (१९३०) पण २००६ पूर्वी छापलेल्या कोशात ग्रहांची संख्या नऊ असणार. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने प्लूटोला ग्रहांतून वगळले. म्हणून टिपण घेताना कोशाच्या नावाबरोबर खंड, पृष्ठ, प्रकाशनवर्ष आणि नोंदीखाली असल्यास नोंदलेखकाचे नाव उतरवून घ्यावे लागते.

ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन् ह्यांनी संदर्भसेवेचे तात्काळ व दीर्घकालीन असे दोन प्रकार मानले होते. एखादी तारीख, लोकसंख्या किंवा व्याख्या पाहणे हे पहिल्या प्रकारात मोडते आणि तेथे ज्ञानकोश बहुधा पुरेसा होतो. दुसऱ्या प्रकारात तो पहिल्या तासाचा सोबती असतो. नोंदीखालचे संदर्भ उतरवून घेतल्यावर वाचकाने ग्रंथसूचीकडे वळावे. मराठीपुरते बोलायचे, तर शंकर गणेश दाते ह्यांची मराठी ग्रंथसूची ह्या कामी अजोड आहे. १८०० ते १९३७ व नंतर १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची विषयवार नोंद तिच्या दोन भागांत आहे. ग्रंथसूचीनंतर ग्रंथालयाची तालिका, तीनंतर प्रत्यक्ष ग्रंथ, नियतकालिके व दप्तरखान्यातील कागद असा क्रम लागतो. तालुक्याच्या गावातील लहान ग्रंथालयात ह्या क्रमातील पुढच्या पायऱ्या पुष्कळदा नसतात, आणि तेथे ज्ञानकोशालाच सर्व भार वाहावा लागतो. अशा ठिकाणी निरनिराळ्या काळांतील दोन कोश शेजारी ठेवून वाचणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय; दोहोंत जेथे फरक पडतो, तेथेच पुढील शोधाची जागा असते.

एकविसाव्या शतकात ज्ञानकोशांचे स्वरूप झपाट्याने पालटले. ब्रिटानिकाने छापील आवृत्ती बंद करीत असल्याचे २०१२ मध्ये जाहीर केले. केतकरांचा ज्ञानकोश व मराठी विश्वकोश हे दोन्ही संगणकीय महाजालावर विनामूल्य उपलब्ध झाले आणि ज्या वाचकाला पूर्वी जिल्ह्याच्या गावी जावे लागे, त्याला ते घरबसल्या मिळू लागले. मात्र शोधयंत्राच्या साहाय्याने थेट एखाद्या नोंदीवर उतरलेल्या वाचकाला कोशाचे शीर्षकपृष्ठ, प्रस्तावना, संक्षेपांची यादी व शेजारच्या नोंदी दिसतातच असे नाही. शंभर वर्षांपूर्वीची नोंद आणि काल लिहिलेली नोंद पडद्यावर सारख्याच ताज्या दिसतात. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडिया ह्या मुक्त ज्ञानकोशामुळे प्लिनीची जुनी तक्रार नव्या रूपात पुढे आली आहे. त्यातील निराधार वाक्य एखाद्या वृत्तपत्रात उचलले जाते आणि पुढे तेच वृत्तपत्र त्या वाक्याचा आधार म्हणून विकिपीडियात नोंदविले जाते. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ मध्ये झाला. त्याच्या प्रत्येक पानाला इतिहासाची कळ जोडलेली असून कोणता मजकूर कोणत्या दिवशी, कोणत्या सदस्याने घातला वा गाळला, हे तीवरून पाहता येते. छापील कोशातील प्रकाशनवर्ष आणि नोंदलेखकाचे नाव ह्यांचे काम तेथे ही कळ करते.